कपाळावरची आठी आणि डोकेदुखीची गोळी

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवणं आटपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात दौंडहून धाकट्या जावेचा फोन आला. पलीकडून नुसती कुजबुज.

"ताई, डोकं फार ठणकतंय हो. घरात कॉम्बिफ्लाम आहे. घेऊ का?"

गोळ्यांचे फोन मला नवे नाहीत. मी बी. फार्म. झालेली आणि लग्नानंतर बारा वर्षं कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केलेली. माहेर शिरूर, सासर दौंड, आणि आता आमचं बिऱ्हाड हडपसरला, म्हणजे दोन्ही गावांना सोयीची! त्यामुळे कोणाला खोकला झाला, कोणाची कंबर धरली की डॉक्टरच्या आधी माझा नंबर लागतो. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले. असो.

पण गोळी विचारायला कुजबुजायचं कशाला? तसं विचारलं तर म्हणाली, "आई शेजारच्या खोलीत आहेत. ताई, हसू नका हं. आज पुण्याला जाऊन बोटॉक्स करून आले. घरी साड्या बघायला जाते म्हणून सांगितलंय."

आणि मी हसले. अगदी मोठ्याने. ते हसणं मला नंतर चांगलंच महागात पडलं. म्हणूनच आज हे लिहायला बसले आहे.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न अगदी बरोबर होता. बोटॉक्स म्हणजे कपाळाच्या, भुवयांमधल्या स्नायूंत अगदी बारीक सुईने औषध टोचतात. त्याने तो स्नायू तीन-चार महिने सैल राहतो आणि आठी पडत नाही. औषध मुळात एका जंतूचं विष आहे, पण अतिशय थोड्या प्रमाणात वापरलेलं. अमेरिकेत त्याला १९८९ साली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडातल्या जीन कॅरुदर्स या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंच्या लक्षात आलं, की पापण्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्या पेशंटच्या कपाळावरच्या आठ्याही जातायत. त्यांचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि २००२ साली खास आठ्यांसाठी म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे हे डोळ्यांच्या दवाखान्यातून आलेलं औषध आहे, ब्यूटी पार्लरमधून नव्हे!

टोचल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थोडं डोकं दुखणं, कपाळ जड वाटणं हे बऱ्याच जणांना होतं. मजा म्हणजे चाचण्यांमध्ये नुसतं मीठपाणी टोचलेल्यांनीही डोकेदुखीची तक्रार केली होती. सुई, ताण, प्रवास, उपाशी पोट, सगळंच त्यात येतं. ही डोकेदुखी सहसा एक-दोन दिवसांत आपोआप जाते.

आता गोळी कुठली? आपल्या घरांत दुखण्याच्या गोळ्यांचा एक डबा असतो. आमच्या दौंडच्या घरात तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन, शिवाय कधीतरी कोणाच्या तरी कंबरेसाठी आणलेली अर्धी पट्टी, असं सगळं एकत्र नांदतं. आपल्या लेखी सगळ्या 'दुखण्याच्या गोळ्या'. पण त्यांच्या आत वेगवेगळी माणसं राहतात. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल म्हणजे पॅरासिटामॉल. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ब्रुफेन म्हणजे आयब्युप्रोफेन. आणि कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही.

ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचं काम मंदावतात. एरवी ते जाणवतही नाही. पण कपाळावर सुईची पाच-दहा भोकं ताजी असतील तर आत थोडं जास्त रक्त झिरपतं आणि काळंनिळं पडतं. पॅरासिटामॉल हे करत नाही. म्हणून बोटॉक्सनंतर डोकं दुखलं तर पहिली पसंती साध्या पॅरासिटामॉलला. निरोगी मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत कुठल्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या वर नाही. बरेच डॉक्टर तर ३ ग्रॅमवरच थांबा म्हणतात. लिव्हरचा त्रास असेल, रोजचं पिणं असेल, वजन फार कमी असेल तर त्याहूनही कमी, आणि तेही विचारूनच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरायला आपण विसरतो.

आणि चुकून कॉम्बिफ्लाम घेतलीच तर? काही आकाश कोसळत नाही. बोटॉक्स वायाही जात नाही. फार तर कपाळावर निळा डाग चार-आठ दिवस दिसेल. मात्र ज्यांना अल्सर, किडनीचा त्रास, हार्टचा त्रास किंवा गोळीने उठणारा दमा आहे, त्यांच्यासाठी ती गोळी एरवीही धोक्याचीच. तिथे प्रश्न डागाचा राहत नाही.

त्या डब्यातल्या कंबरेच्या पट्टीबद्दलही सांगते. आपल्याकडे कंबरदुखीला ज्या गोळ्या देतात, त्यांत पुष्कळदा वेदनाशामकाबरोबर स्नायू सैल करणारं औषधही घातलेलं असतं. बोटॉक्सचं कामच स्नायू सैल करणं. अशी दोन औषधं एकत्र आली तर अशक्तपणा वाढू शकतो, असा इशारा बोटॉक्सच्या माहितीपत्रकात असतो. म्हणजे 'माझी कंबरेची गोळी घे, लगेच उतरेल' हा शेजारधर्म इथे नको.

एवढं सगळं मी जावेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं, क्रोसिन घेते." झालं, विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. आता मात्र कुजबुज नाही, रडवेला आवाज. झालं होतं असं, की गोळी घेऊन ती डोक्याला हात लावून बसलेली सासूबाईंनी पाहिली. आमच्या सासूबाईंचा डोकेदुखीवरचा उपाय ठरलेला आहे. कपाळाला बाम, तोही असा रगडून की कातडं लाल व्हायला पाहिजे. मग जुन्या साडीचा काठ कपाळाभोवती करकचून आवळायचा आणि आडवं व्हायचं. चाळीस वर्षांत त्यांनी सगळ्या घराची डोकी अशीच उतरवली आहेत. माझंही बाळंतपणानंतरचं डोकं त्यांनीच उतरवलं होतं, आणि त्या हाताची माया मी विसरलेली नाही.

पण बोटॉक्स घेतल्याच्या दिवशी डॉक्टर काय सांगतात? कपाळ चोळू नका, दाबू नका, घट्ट काही बांधू नका, निदान चार तास आडवं होऊ नका. कारण औषध जिथे टोचलंय तिथेच राहायला हवं. ते खाली पापणीच्या स्नायूकडे सरकलं तर पापणी उतरते, आणि ती वर यायला काही आठवडे लागतात. जावेला हे सगळं माहीत होतं. कागदावर लिहून दिलं होतं. पण सासू प्रेमाने बामची बाटली उघडून उभी आहे, तिला काय सांगणार? "नको" म्हटलं तर "का नको?" आलं. ती गप्प बसून चोळून घेत राहिली!

पुढचे दोन आठवडे ती रोज सकाळी आरशात पापणी बघत होती. नशिबाने काही झालं नाही. पण मला त्या सकाळपासून एकच गोष्ट सतावतेय. गोळीबद्दलचं माझं ज्ञान अगदी बरोबर होतं, आणि ते पुरेसं नव्हतं. घरात कोणाला माहीतच नसेल, तर बरोबर गोळी घेऊनही माणूस सुरक्षित नसतो.

हे तर काहीच नाही असं वाटायला लावणारी दुसरी गोष्ट शिरूरची आहे. (आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.) माझी काकू. वय एकसष्ट. २०१९ साली तिची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर एक छोटी ॲस्पिरिनची गोळी. मागच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. काकूच्या दोन भुवयांमध्ये दोन खोल उभ्या रेघा आहेत, तरुणपणापासून. ती रागावलेली नसतानाही लोक तिला विचारतात, "काय झालं? चिडलात का?" प्रत्येक फोटोत ती कोणावर तरी डाफरतेय असं दिसतं. मुलीच्या लग्नाच्या फोटोत तरी तसं दिसू नये, एवढीच तिची इच्छा. मला विचाराल तर अतिशय साधी, सुंदर इच्छा.

तिने गुपचूप अपॉइंटमेंट घेतली. सोबत आलेल्या सूचनांत लिहिलं होतं, आठवडाभर आधीपासून ॲस्पिरिन आणि तत्सम गोळ्या टाळा. काकूने सूचना तंतोतंत पाळली. रात्रीची गोळी बंद! ना हार्टच्या डॉक्टरांना विचारलं, ना काकांना सांगितलं. काकांनी तर "या वयात आता काय?" म्हणून वाभाडे काढले असते.

चौथ्या दिवशी मी लग्नाच्या याद्या करायला शिरूरला गेले होते. रात्री काका म्हणाले, "अगं, तुझी गोळी?" तर ती "घेतली, घेतली" म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं काहीतरी गंमत आहे. स्वयंपाकघरात गेल्यावर तिने सगळं सांगितलं. माझ्या पोटात गोळाच आला.

स्टेंट टाकलेल्या माणसाची ॲस्पिरिन ही दुखण्याची गोळी नाही. ती त्या धातूच्या जाळीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते. मनाने बंद केली आणि गुठळी झाली, तर तो हार्ट अटॅक. 'ॲस्पिरिन टाळा' ही सूचना डोकं दुखलं, अंग दुखलं म्हणून घेणाऱ्यांसाठी आहे. हार्टसाठी किंवा पॅरालिसिसनंतर डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲस्पिरिन त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. आठीच्या इंजेक्शनसाठी तर नाहीच. फार तर कपाळावर एक निळा ठिपका येईल, त्यावर पावडर लावता येते. त्या रात्रीच हार्टच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी लगेच सुरू करायला सांगितली. पुढे काकूने त्यांच्या परवानगीने, गोळी चालू ठेवून इंजेक्शन घेतलं. एक छोटा डाग पडला होता, तो लग्नाआधीच गेला. फोटोत काकू हसतेय. मन भरून येतं बघून.

पण ते चार दिवस? त्यांचं मी काय करू? कोणाची चूक म्हणायची ती? कागदावरची सूचना चुकीची नव्हती, पण तिथे 'हार्टचं काही औषध आहे का' हा प्रश्न ठळक विचारला गेला नाही. काकूनेही सांगितलं नाही. आणि काकूला घरात विचारायची सोय नव्हती, कारण आम्ही सगळे हसलो असतो. त्या 'आम्ही'मध्ये मी आहे. जावेवर मोठ्याने हसलेली मीच ना?

औषधाच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. गोळी तीच असते, घेणारा बदलला की तिचं काम बदलतं. माझ्या लहानपणी मेलेल्या गुराभोवती गिधाडं उतरलेली मी पाहिली आहेत. नंतर ती दिसेनाशी झाली. कारण काय, तर गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. बैलाचं दुखणं त्याने उतरायचं, पण तो बैल मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाच्या किडन्या बंद पडायच्या. २००४ साली हे सिद्ध झालं आणि २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तेच औषध बैलाला आराम आणि गिधाडाला मरण. मग 'ही गोळी सेफ आहे का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर कसं देणार? कोण घेतंय, अजून काय काय घेतंय, आज अंगावर काय झालंय, हे सगळं सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. आणि ते सांगायलाच लाज वाटत असेल, तर मेडिकलवाल्याने तरी काय करायचं?

म्हणून माझं मत असं, की या सगळ्यात गोळीपेक्षा लाज जास्त धोक्याची आहे.

आणि ही लाज फक्त बायकांच्याच वाट्याला का यावी? शिरूरच्या बाजारात कुठल्याही सलूनमध्ये रविवारी सकाळी जा. पन्नाशीचे चार गृहस्थ डोक्याला काळा कलप लावून, पेपर वाचत, रस्त्यावरून दिसतील असे बसलेले असतात. कोणी साड्या बघायला जातो सांगून येत नाही. (सांगितलं तर बहारच!) कोणी त्यांना 'या वयात?' विचारत नाही. मग बाईने कपाळाची आठी घालवली तर ती एवढी हसण्यावारी न्यायची गोष्ट का व्हावी? तुम्हाला बोटॉक्स पटत नसेल तर नका पटवून घेऊ. मलाही स्वतःसाठी ते करावंसं वाटत नाही. माझ्या आठ्या मी कमावलेल्या आहेत :) पैसे वाया जातात म्हणा, नैसर्गिक म्हातारपण छान म्हणा, जरूर वाद घाला. पण तो वाद बाईला खोटं बोलायला भाग पाडत असेल, तर त्याची किंमत तिचं शरीर मोजतं.

आमच्या दोन गावांच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, ती म्हणजे अंतर. अशी इंजेक्शनं घ्यायला आपली माणसं पुण्याला जातात आणि संध्याकाळपर्यंत घरी परततात. शिरूर काय, दौंड काय, पुण्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. रात्री काही झालं तर इंजेक्शन देणारे डॉक्टर लांब. म्हणून निघण्याआधीच विचारून घ्यावं, की रात्री कोणाला फोन करायचा? काय टोचलं, किती टोचलं, हे लिहून मागावं. बोटॉक्स आणि फिलर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण घरी येऊन आपण दोन्हींना 'इंजेक्शन'च म्हणतो. फिलर म्हणजे खड्डा भरायला कातडीखाली घातलेली जेल. ती चुकून रक्तवाहिनीत गेली किंवा वाहिनीवर दाब आला, तर तिथलं रक्त अडतं. खूप दुखतं, कातडी पांढरी पडते किंवा जाळीदार निळसर दिसते, दिसायला कमी होतं. अशा वेळी गोळी घेऊन झोपायचं नाही. ते दुखणं दाबायचं नसतं, ते ओरडून काहीतरी सांगत असतं. त्याच तासाला डॉक्टर गाठायचे. वेळेवर गेलं तर हायलुरोनिक ॲसिडची जेल विरघळवणारं इंजेक्शन असतं.

बोटॉक्सनंतर गिळायला त्रास, श्वासाला त्रास, बोलताना जीभ जड होणं, दोन दोन दिसणं, सगळ्या अंगात अशक्तपणा, असं काही झालं तरी तेच, ताबडतोब दवाखाना. हे फार क्वचित होतं, पण काही तासांनीच काय, काही आठवड्यांनीही होऊ शकतं. आणि घरात कोणाला माहीत नसेल, तर तुम्हाला बोलता येत नसताना डॉक्टरांना सांगणार कोण? विचार करा.

एक माणूस. घरातल्या निदान एका माणसाला माहीत असू द्या. सगळ्या गावाला सांगा असं मी म्हणत नाही. आणि ज्याला कोणी सांगेल त्याने एवढंच करायचं, की हसायचं नाही. निदान गोळी घेऊन होईपर्यंत तरी!

जावेचं पुढे काय झालं ते सांगते. पंधरा दिवसांनी तिने स्वतःच सासूबाईंना सांगून टाकलं. मी तिथेच होते, जीव मुठीत धरून. आई बराच वेळ तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग सांगायचंस ना. मी एवढा बाम कशाला रगडला असता? पाय चेपून दिले असते." आणि थोड्या वेळाने, चहा ओतता ओतता, मला हळूच, "ते डोळ्यांच्या कडेच्या रेघांचंही करतात का गं?"

मी हसले नाही. शपथ!

ता. क. : वर लिहिलेलं सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचं वय, तुमचे आजार, तुमची चालू औषधं तुमच्या डॉक्टरांनाच माहीत असतात (म्हणजे तुम्ही सांगितली असतील तर). गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा स्नायूंचा काही आजार असेल तर इंजेक्शनच्या आधीच बोला. आणि काकू, जाऊबाई, दोघींनी लिहायला परवानगी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांनी तुमच्या घरातल्या गोळ्यांच्या डब्यात काय काय निघालं ते जरूर कळवा.